साहेबाची चूल सोडवताना

भुसावळात घरामध्ये फायरप्लेस आहे असं सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. बरोबरच आहे, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर पाडव्याच्या आधीच माळ्यावरून खाली येतो तिथे शेकायला भट्टी कोण बांधेल? पण आपल्याकडची थंडी बाहेरच्यांना माहीत नसते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली गेला की केळीवर चरका पडतो, लोक रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात की जरा तरी उब राहावी. आणि आमचं घर म्हणजे १४ फूट उंच छत, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. तिथे जानेवारीतल्या पहाटे उठून चहा ठेवून बघा, मग कळतं की बांधणाऱ्याने उगाच नव्हती बांधली.

तर ती फायरप्लेस आम्ही या दिवाळीनंतर काढली. ती कशी काढली हे सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं, कारण काढताना जे शिकायला मिळालं ते कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि आपल्याकडे जुनी घरं ज्या पद्धतीने पाडतात ते बघून मला खरंच पोटात कालवतं.

घराबद्दल थोडं सांगतो. भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथे १८६० च्या दशकात आली आणि मग मोठं जंक्शन, वाफेच्या इंजिनांचं मोठं शेड, ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशी सगळी वस्ती झाली. त्यात अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. स्वातंत्र्यानंतर त्यातली कितीतरी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला निघून गेली. आमचे आजोबा रेल्वेत गार्ड. त्यांनी साठच्या दशकात असंच एक घर ऑस्ट्रेलियाला चाललेल्या ड्रायव्हर कुटुंबाकडून घेतलं, म्हणजे रेल्वेचा क्वार्टर नाही, खासगी घर. त्या घराबरोबर ही फायरप्लेस आली. घरात सगळे तिला साहेबाची चूल म्हणत आले.

आमच्याकडे तिच्यात विस्तव कधी पेटला नाही. आजीने पहिल्याच वर्षी आतला कोळशाचा जाळीचा कठडा बाजूला करून तिथे लोणच्याच्या बरण्या आणि बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) डबे ठेवले, जाड भिंतीमुळे ती जागा उन्हाळ्यातही घरात सगळ्यात गार असायची म्हणून. वरची लाकडी फळी, जिला साहेब लोक मँटलपीस म्हणतात, तिच्यावर देव बसले. आणि श्रावणात कानबाई तिच्या समोरच बसायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात, नारळाची देवी, चौरंगावर, नथ-डोळे लावून, रोट करतात, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, रात्रभर गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आमच्याकडे त्या हिरव्या टाईल्स आणि काळ्या लोखंडाच्या कमानीपुढे ती इतकी शोभायची की भाऊबंदकीतल्या बायका दरवर्षी तोंडभरून बोलायच्या. म्हणजे आमच्यासाठी ती चूल कमी आणि मखर जास्त होती.

मग काढली का? नानांसाठी. नानांचे गुडघे गेले, बाथरूम मागच्या अंगणात, रात्री दोनदा उठावं लागतं, पावसाळ्यात अंगण ओलं. त्यांच्या खोलीला लागून बाथरूम करायचं तर एकच जागा होती आणि ती या धुराड्याच्या पोटाने अडवली होती. फायरप्लेस म्हणजे दिसते तेवढी नसते, हे आधी लक्षात घ्या. दर्शनी भाग चार फुटांचा, पण त्याच्यामागे आणि वर विटांचा जाडजूड खांब छतातून थेट कौलांच्या वर जातो, दोन्ही खोल्यांत दीड-दीड फूट पुढे आलेला. त्यात वरचं धुराडं एका बाजूला कललं होतं, कौलांशी जिथे जोड आहे तिथून दर पावसाळ्यात पाणी झिरपायचं, आणि गेल्या वर्षी एक वीट अंगणात पडली. ती नानांच्या खुर्चीपासून हातभरावर पडली तेव्हा आईने निर्णय घेऊन टाकला. मला ती चूल जीव की प्राण होती तरी आईच्या पुढे बोलायला जागाच नव्हती, आणि ती बरोबरच होती.

पहिले जे ठेकेदार बघायला आले त्यांनी ब्रेकर लावून एका दिवसात मोकळं करून देतो म्हणून सांगितलं. म्हणजे हॉलमध्ये उभं राहून समोरून ठोकायला सुरुवात. ऐकायला स्वस्त आणि झटपट. पण मला राहवेना, मी पारोळ्याकडचे एक म्हातारे मिस्तरी शोधून आणले, ज्यांनी आयुष्यभर वाडे आणि धाब्याची घरं दुरुस्त केलीत. ते आले, तोंडातली सुपारी चघळत पाच मिनिटं नुसते वर बघत राहिले, मग बाहेर जाऊन धुराड्याकडे बघितलं, आणि ठेकेदाराचा बेत ऐकून म्हणाले, "भाऊ, डोकं वरे शे, आन तुम्ही पायले हात घाली राह्यनात!"

सगळं गणित त्या एका वाक्यात आहे. धुराड्याचं सगळं वजन खालच्या खांबावर उभं असतं. खालचा भाग काढला आणि वरचा तसाच ठेवला तर वर शेकडो किलो विटा अधांतरी लटकतात, आणि त्या कधी खाली येतील याचा नेम नाही. कधीकधी लोक फक्त खोलीतला भाग काढून वरचं ठेवतात, त्यासाठी मग लोखंडी गर्डर घालून खाली नीट आधार द्यावा लागतो आणि ते इंजिनिअरकडून तपासून घ्यावं लागतं, नुसत्या दोन अँगलवर भागत नाही. आमचं धुराडं तसंही कललेलं, त्यामुळे ते पूर्णच उतरवायचं ठरलं, आणि वरून खाली, एकेक थर.

आईने आधी नारळ फोडला. मग बांबूची परांची बांधली, बाजूची कौलं उतरवून ठेवली आणि वरचं झाकण काढलं. आत मैनेचं वाळकं घरटं, काड्या, पिसं, एका पतंगाचा सांगाडा. घरटं रिकामं आहे ना हे मिस्तरींनी हात घालून दोनदा बघितलं, त्यानंतरच पुढे. (तुम्ही करणार असाल तर हे नक्की बघा, जुनी धुराडी पक्ष्यांना फार आवडतात. पिल्लं असतील तर महिनाभर थांबलं तर काही बिघडत नाही.)

आणि इथे पहिल्यांदा मला ती गोष्ट दिसली जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. मिस्तरींनी छन्नी सांध्यात ठेवली, हातोड्याने हलकेच दोन ठोके, आणि वीट सुटून हातात आली. अख्खी. चारही कोपरे शाबूत. मग दुसरी. मग तिसरी. खाली पोरगा घमेल्यात घेऊन रचत गेला. मला वाटलं होतं शंभर-सव्वाशे वर्षांच्या बांधकामाचा भुगा होणार, तर इथे विटा सुट्या होऊन येतायत. मी विचारलं तर म्हणाले, "हाऊ चुना शे भाऊ, हाऊ सोडस. शिमिट सोडत नही."

नंतर मी याच्यावर वाचलं आणि ते अगदी खरं निघालं. घाणीत मळलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू परत दगडासारखा होतो, पण विटेपेक्षा तो कायम थोडा मऊच राहतो. म्हणून ताण आला, भिंत थोडी हलली, तर सांधा तडकतो, वीट नाही. आणि सोडवायला गेलं तरी सांधाच सुटतो. सिमेंटचं उलटं. सिमेंटचा सांधा त्या जुन्या मऊ भट्टीच्या विटेपेक्षा कडक, मग ठोकलं की वीट फुटते आणि सांधा तसाच. शिवाय सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ती ओल विटेत अडकून वीट आतून भुसभुशीत होते. आमच्या धुराड्याला वरच्या बाजूला कधीतरी सिमेंटचा लेप मारलेला होता, आणि बरोबर त्याच्याच खालच्या विटा बोटाने खरवडल्या जात होत्या. चुना-विटांच्या जुन्या घराची डागडुजी सिमेंटने करणं बंद करायला पाहिजे हो, मनापासून सांगतो, आपल्या गावागावातले वाडे याच्यानेच जातायत आणि लोक म्हणतात घर जुनं झालं होतं.

धुराडं कौलांच्या खाली आलं की ती जागा रीपा ठोकून तशाच जुन्या कौलांनी बंद केली. मग आतला खांब. आता काजळी. त्या काजळीला कोणी हलक्यात घेऊ नका. कोळशाची पन्नास-साठ वर्षांची काजळी आत जमलेली, काळी, तेलकट, हाताला लागली की साबणाने जात नाही. आम्ही आधी फवारणीच्या पंपाने आतून पाणी मारलं, दारांना ओल्या चादरी लावल्या, सगळ्यांना चांगले मास्क दिले, नानांना आठवडाभर ताईकडे जळगावला पाठवलं. तरी देवघरातल्या समईवर बोट फिरवलं की काळं.

खांब उतरताना चुलीची रचना उघडी पडत गेली आणि मला ती बघून बांधणाऱ्याबद्दल आदर वाटायला लागला. विस्तवाच्या जागेच्या दोन्ही बाजूच्या भिंती सरळ नव्हत्या, तिरप्या होत्या, पुढे रुंद आणि मागे अरुंद, म्हणजे आच खोलीकडे फेकली जावी. वरती गळा एकदम अरुंद, जेमतेम चार बोटं, आणि त्याच्यामागे एक छोटी पायरी. ही पद्धत काउंट रम्फर्ड नावाच्या माणसाने १७९६ मध्ये लिहून मांडली, त्याआधीच्या चुली खोल चौकोनी आणि गळा एवढा मोठा की बरीचशी उब धुराबरोबर वर निघून जायची आणि खोलीत धूर उरायचा. भुसावळच्या कुठल्या गवंड्याने कोणत्या साहेबाच्या नकाशावरून ते बांधलं असेल देव जाणे, पण भट्टीच्या विटा इथल्याच मातीच्या, खालची लादी इथल्याच काळ्या दगडाची, आणि तिरपा कोन दोन्ही बाजूला अगदी सारखा. मी गुण्या लावून बघितला.

आता टाईल्स. सगळ्यात नाजूक काम हेच आणि मी रात्री झोपलो नव्हतो त्याच्या काळजीने. दर्शनी भाग म्हणजे ओतीव लोखंडाची एक अख्खी चौकट, मध्ये कमान, आणि दोन्ही बाजूला उभ्या पाच-पाच टाईल्स, सहा इंची चौकोनी. गडद हिरव्या, त्यावर उठावाचं कमळासारखं फूल, आणि देठ एका टाईलवरून दुसरीवर असा चढत गेलेला. काचेसारखा थर उठावाच्या खोलगटात जाड साचतो म्हणून तिथे हिरवा जवळजवळ काळा दिसतो आणि उंचवट्यावर पोपटी. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आली की त्या ओल्या असल्यासारख्या चमकायच्या.

अशा टाईल्स समोरून उचकटायच्या नसतात. समोरून छन्नी घातली की त्या कोपऱ्यात तडकतातच. त्या लोखंडी चौकटीत मागून बसवलेल्या असतात. त्यामुळे आधी चौकटीच्या बाजूचा गिलावा दोन-तीन इंच खरवडला, आत चौकटीचे कान सापडले, भिंतीत स्क्रूने आवळलेले. गंजून एकजीव झालेले. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी तीन सुटले, चौथा कापावा लागला. मग मँटलपीस सुटा केला, तो सागवानी, आणि मग चौघांनी ती चौकट पुढे कलती करून गोधड्यांच्या ढिगावर पालथी निजवली. आईने स्वतःच्या हाताने गोधड्या अंथरल्या होत्या.

पालथी झाल्यावर कळलं की उजव्या बाजूच्या पाचही टाईल्स मागून चुन्याने भरलेल्या आहेत आणि डाव्या बाजूला कोणीतरी कधीतरी दुरुस्ती करून सिमेंट भरलंय. उजवीकडे मिस्तरींनी ओल्या फडक्याने चुना भिजवला, जुनं स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं, आणि तासाभरात पाचही टाईल्स बाहेर. एकीलाही खरचटलं नाही. डावीकडे दोन दिवस लागले. सिमेंट थोडं थोडं करवतीने चिरायचं, बारीक छन्नीने एकेक कपचा काढायचा, श्वास धरून. तरी दोन टाईल्स गेल्या. एक आरपार, दुसरीचे तीन तुकडे. मिस्तरींनी ते तुकडे रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि काही बोलले नाहीत. तेवढंच काम, तोच माणूस, तीच हत्यारं, एकीकडे पाचच्या पाच आणि दुसरीकडे तीन.

हे करताना एक काळजी घ्या, जुन्या टाईल्सच्या रंगीत थरात शिसं असू शकतं, त्यामुळे त्या घासू नका, सुक्या कापू नका, लहान मुलांना तुकड्यांशी खेळू देऊ नका. आम्ही नुसत्या कोमट पाण्यात साधा साबण घालून मऊ फडक्याने पुसल्या.

पुसल्यावर मागे अक्षरं दिसली. उठावाचे आडवे पट्टे, इंग्रजीत इंग्लंड असं लिहिलेलं, आणि आरडी नंबर म्हणून एक आकडा, ३ लाख ५७ हजारांच्या घरातला. कंपनीचं नाव नाही. पण एवढ्यावरूनही बरंच कळतं. इंग्लंडमध्ये १८८४ पासून डिझाइनची नोंदणी होऊन त्याला असा सलग नंबर मिळायचा, आणि १९०० साल सुरू होतं ते ३ लाख ५१ हजारांच्या आसपास, १९०१ सुरू होतं ३ लाख ६८ हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या फुलाची नोंद १९०० ची. देशाचं नाव मालावर टाकायची पद्धत पण अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून रुळली, तेही जुळतं. टाईल त्यानंतर कधीतरी बनली, पेटीतून बोटीने मुंबईला आली, तिथून आमच्याच रेल्वेने कसाऱ्याचा घाट चढून भुसावळला उतरली असणार. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता, पूर्व-पश्चिम असे दोन भाग १९०६ ला झाले. मी तो आकडा नानांना फोनवर वाचून दाखवला तर त्यांनी तो पेनाने लिहून घेतला आणि ताईला सांगितलं कॅलेंडरच्या मागे चिकटव.

बाकी सामानाचं सांगतो. चांगल्या विटांचा अंगणात तुळशीभोवती पार झाला, चुन्यातच बांधला, मिस्तरींनी तो हट्ट माझ्याइतकाच धरला. काजळी प्यालेल्या विटा मात्र घरात कुठेच वापरल्या नाहीत. त्या विटांमध्ये धुरातले क्षार मुरलेले असतात, ते पावसाळ्यात हवेतली ओल ओढतात आणि नव्या रंगातून पिवळे-तपकिरी डाग बाहेर येतात, कितीही हात मारा. म्हणूनच धुराड्याच्या मागच्या जुन्या भिंतीचा गिलावा पूर्ण खरवडून नवीन चुन्याचा केला आणि तो महिनाभर तसाच वाळू दिला, रंगवाला रोज फोन करत होता तरी. लोखंडी चौकटीला भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. ती आता गंज काढून, काळं पॉलिश करून देवघराच्या ओट्यावर उभी आहे, भिंतीला कानांनीच आवळलेली, जशी होती तशी. मँटलपीस तिच्याच वर. आईचं म्हणणं की कानबाई आपली जागा ओळखते, तिला ती जागा नेऊन दिली म्हणजे झालं, मग खोली कोणतीही असो. या श्रावणात रोट तिथेच होतील.

नानांचं बाथरूम झालं. दार रुंद, उंबरा नाही, पकडायला दांड्या. आता रात्री उठले तरी कोणाला हाक मारत नाहीत.

अडलंय ते फक्त दोन टाईल्सवर. उजवीकडे पाच आहेत, डावीकडे तीन, आणि तिकडची सगळ्यात खालची आणि मधली जागा रिकामी. कोणीतरी सुचवलं गुजरातेतल्या मोरबीवरून, जिथे टाईल्सचे कारखाने आहेत, तशाच रंगाच्या करून आणा, पण तो उठाव आणि तो साचलेला हिरवा नवीनमध्ये येत नाही, नमुना मागवून बघितला. तुकडे चिकटवून बसवायला एक जण तयार आहे पण सध्या तरी थांबतोय. असल्या चौकटी एकेकट्या बनत नव्हत्या, त्याच फुलाच्या टाईल्स मनमाड, इगतपुरी, भुसावळच्याच एखाद्या जुन्या घरात रंगाच्या थराखाली नक्की असतील. तुमच्याकडे किंवा ओळखीत असं घर पाडायला निघालं असेल तर कृपा करून ब्रेकरच्या आधी मला एक फोटो पाठवा. देठ उजवीकडे वळलेला पाहिजे, डावीकडचा चालणार नाही. सोडवायला मिस्तरी मी माझ्या खर्चाने घेऊन येतो, आणि तुमच्या बाकीच्या टाईल्सही अख्ख्या काढून देतो, फक्त मागे सिमेंट भरलेलं नसलं म्हणजे झालं.